गुलामगिरी बंद, अपवाद चालू

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याची राजधानी ॲनापोलिस. १८६६ च्या डिसेंबरात तिथल्या शेरीफने एक जाहीर नोटीस काढली. शनिवारी, ८ तारखेला, दुपारी बारा वाजता कोर्टाच्या दारात एका काळ्या माणसाची विक्री होईल. नाव रिचर्ड हॅरिस. गुन्हा चोरी. मुदत सहा महिने. पैसे रोख. कोर्टाने त्याला गुलाम म्हणून विकण्याची शिक्षा दिली आहे, असं त्या नोटिशीत स्वच्छ लिहिलं होतं.

तारीख नीट पाहा. गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती ६ डिसेंबर १८६५ ला पक्की झाली होती. त्याला वर्ष उलटून दोन दिवस झाले होते. यादवी युद्धात सहा लाखांवर माणसं मेली होती, लिंकनचा खून झाला होता. आणि राष्ट्राच्या राजधानीपासून पन्नासएक किलोमीटरवर भर दुपारी माणूस विकायला काढला होता.

शेरीफ कायदा मोडत नव्हता, यातच सगळं आलं. तेराव्या दुरुस्तीत गुलामगिरी आणि वेठबिगारी देशात कुठेही राहणार नाही असं म्हटलं आहे. पण त्याच वाक्यात एक अट घुसवली आहे: रीतसर दोषी ठरलेल्या माणसाला गुन्ह्याची शिक्षा म्हणून राबवायचं असेल, तर ते चालेल. भाषणांत ही अट गाळतात. थोरांच्या जयंत्यांना गाळतात. आपल्याकडे अमेरिकेचं कौतुक करतानाही ती गाळतात. मला आज फक्त तिच्याबद्दलच बोलायचं आहे, कारण ती अजून जिथल्या तिथे आहे आणि तिच्या आधाराने आजही माणसं फुकट राबवली जात आहेत.

ही अट आली कुठून? १८६४ मध्ये सिनेटच्या समितीने दुरुस्तीचा मसुदा करायला घेतला तेव्हा १७८७ चा एक जुना कायदा समोर ठेवला. ओहायो नदीच्या वायव्येकडच्या प्रदेशात गुलामगिरी नको, असं सांगणारा तो कायदा. त्यातही हाच अपवाद होता. समितीने शब्द जवळजवळ तसेच उचलले. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांनी वेगळा मजकूर सुचवला होता: कायद्यापुढे सगळी माणसं समान आहेत, म्हणून कोणी कोणाला गुलाम करू शकत नाही. सहकाऱ्यांनी त्यांना झिडकारलं. फ्रेंच क्रांतीची भाषा इथे नको, आपली जुनी भाषा बरी, असं मिशिगनच्या जेकब हॉवर्ड यांनी सुनावलं. समनर गप्प बसले.

मसुदा करणाऱ्यांच्या मनात पाप होतं असं मी म्हणत नाही. त्यातल्या कित्येकांनी गुलामगिरीशी झुंज घेतली होती. पण ज्यांच्या हातून गुलाम काढून घेतले जात होते, त्यांनी ते वाक्य समितीपेक्षा जास्त बारकाईने वाचलं. ॲनापोलिसची नोटीस समनर यांनीच सिनेटपुढे आणली. जानेवारी १८६७ मध्ये आयोवाचे जॉन कॅसन यांनी ठराव मांडला की या अपवादाचा अर्थ माणसं विकणं असा होत नाही. प्रतिनिधीगृहाने तो मंजूर केला. सिनेटने बाजूला ठेवला. भगदाड बुजवायची संधी त्या महिन्यात होती. ती गेली, आणि तिची किंमत पुढच्या चार-पाच पिढ्यांनी मोजली.

दक्षिणेतल्या राज्यांनी काय केलं ते मिसिसिपीत पाहावं. नोव्हेंबर १८६५. दुरुस्ती अजून पक्कीही झाली नव्हती. तिथल्या विधिमंडळाने कायदा केला: अठरा वर्षांवरचा जो काळा माणूस रोजगाराशिवाय आढळेल तो भटक्या, म्हणजे गुन्हेगार. दंड ५० डॉलरपर्यंत. पाच दिवसांत दंड भरला नाही तर शेरीफने त्याला भाड्याने द्यायचं, आणि जो दंड भरेल त्याच्याकडे त्याने राबायचं. त्याच अधिवेशनात आणखी एक कायदा झाला. गावाबाहेरची जमीन काळ्या माणसाला खंडाने घेता येणार नाही. म्हणजे स्वतःची शेती करू द्यायची नाही, आणि गोऱ्याच्या शेतावर गेला नाही तर बेकार म्हणून पकडायचं. दोन्ही दारं बंद करून तिसरं तेवढं उघडं ठेवलं. ते जुन्याच मालकाच्या मळ्यात उघडत होतं.

वॉशिंग्टनने हे कायदे हाणून पाडले, हेही सांगितलं पाहिजे. १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा आला, चौदावी आणि पंधरावी दुरुस्ती आली, दक्षिणेत केंद्राचं सैन्य बसलं. काळी माणसं मतं देऊ लागली, निवडून येऊ लागली, शाळा काढू लागली. मिसिसिपीतून हायरम रेव्हेल्स हा काळा माणूस १८७० मध्ये सिनेटवर गेला. हा काळ खरा होता आणि थोर होता. काळे लोक स्वातंत्र्याला लायक नव्हते म्हणून हा प्रयोग फसला, असं पुढे अमेरिकेच्या पाठ्यपुस्तकांत कित्येक वर्षं शिकवलं गेलं. ते साफ खोटं आहे. तो प्रयोग बंदुकीच्या जोरावर मोडला गेला.

जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ चं. अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी निरपेक्ष बुद्धीने, झीज सोसून गुलामांना सोडवलं, त्यांना जोतीरावांनी हे पुस्तक अर्पण केलं, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. पुण्यात बसून एका माणसाने जगाच्या दुसऱ्या टोकाचं दुःख आपलं मानलं, हा मराठी विचाराच्या इतिहासातला अतिशय मोठा क्षण आहे. पण ज्या वर्षी ते पुस्तक निघालं, त्याच वर्षी लुइझियानात काय चाललं होतं?

१३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. रेड नदीच्या काठावरचं कोलफॅक्स हे गाव. परगण्याला नाव राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचं, गावाला त्यांच्या उपराष्ट्राध्यक्षांचं. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत कोण जिंकलं यावरून वाद होता, आणि आपण निवडून दिलेले अधिकारी टिकावेत म्हणून काळे शेतकरी कोर्टाच्या इमारतीभोवती चर खणून बसले होते. बंदुका आणि एक छोटी तोफ घेऊन गोऱ्यांची टोळी आली. इमारतीला आग लावली. बाहेर पडणाऱ्यांना टिपलं. जे शरण आले त्यांना कैद करून ठेवलं आणि रात्री गोळ्या घातल्या. मेलेल्या काळ्या माणसांचा आकडा साठापासून दीडशेपर्यंत सांगितला जातो. नक्की मोजायला कोणी राहिलंच नव्हतं. गोरे तीन मेले.

नव्वदहून अधिक जणांवर आरोप ठेवले गेले. दोषी ठरले तीन. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही सोडले. कारण दिलं की चौदावी दुरुस्ती राज्य सरकारला बांधते, खाजगी माणसांनी केलेल्या अत्याचाराशी तिचा संबंध नाही. या एका निकालाने दक्षिणेतल्या प्रत्येक टोळीला कळलं की केंद्र आता मध्ये पडणार नाही. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीत तडजोड झाली आणि उरलेलं सैन्य मागे गेलं. कोलफॅक्समध्ये विसाव्या शतकाच्या मध्यावर राज्य सरकारने फलक उभारला. त्यात या कत्तलीला दंगल म्हटलं होतं आणि तिच्यामुळे बाहेरच्यांची जुलमी राजवट संपली असा तिचा गौरव केला होता. तो फलक हटला मे २०२१ मध्ये.

म्हणून जोतीराव चुकले का? मुळीच नाही. त्यांनी पुस्तक अमेरिकेच्या सरकारला अर्पण केलं नव्हतं, लढलेल्या माणसांना अर्पण केलं होतं. चूक आपली आहे. आपण अर्पणपत्रिका पाठ केली, ‘अमेरिकेने गुलामगिरी संपवली’ हे वाक्य उचललं आणि तिथेच थांबलो.

केंद्र हात काढून घेऊ लागलं तसं भगदाडातून सगळं परत आलं. मिसिसिपीने १८७६ मध्ये कायदा केला की गुरं-डुकरं किंवा दहा डॉलरच्या वरची कुठलीही वस्तू चोरली तर ती मोठी चोरी, पाच वर्षांपर्यंत कैद. १८७४ मध्ये राज्यात २७२ कैदी होते, १८७७ संपताना १,०७२ झाले. तीन वर्षांत माणसं चौपट चोर झाली नव्हती. कैदी भाड्याने देण्याचा धंदा तेजीत होता आणि त्याला माल लागत होता.

व्यवहार असा. राज्य किंवा काउंटी कैदी ठेकेदाराला देणार. ठेकेदार दरडोई भाडं भरणार आणि त्याला खाणीत, रेल्वेच्या कामावर, उसाच्या मळ्यात, लाकडाच्या किंवा टर्पेंटाइनच्या छावणीत राबवणार. खाणं-पिणं, औषध, चाबूक, सगळं ठेकेदाराच्या मर्जीवर. जुना मालक निदान आपल्या पैशाची काळजी करायचा, कारण गुलाम विकत घ्यायला त्याचे शेकडो डॉलर गेलेले असत. भाड्याच्या कैद्यात ठेकेदाराचं काही गुंतलेलं नव्हतं. एक मेला, दुसरा मागवला. १८७१ मध्ये व्हर्जिनियाच्या वरिष्ठ न्यायालयाने एका खटल्यात सरळ लिहून टाकलं की शिक्षा भोगणारा माणूस तेवढ्या काळापुरता राज्याचा गुलाम असतो. निकालातला कैदी रेल्वेच्या कामावर भाड्याने दिलेला होता. अलाबामाचं १८९८ चं राज्याचं उत्पन्न पाहिलं तर त्यातला जवळपास तीन-चतुर्थांश वाटा कैद्यांच्या भाड्याचा. शाळा, रस्ते, अधिकाऱ्यांचे पगार, सगळं त्यावर चालत होतं. मग कोणता शेरीफ माणसं पकडायची थांबवणार?

आता एकच माणूस जवळून पाहू. ग्रीन कॉटनहॅम. वय बावीसच्या आसपास, आई-वडील एकेकाळचे गुलाम. ३० मार्च १९०८ ला अलाबामातल्या शेल्बी काउंटीत, कोलंबियाना गावच्या रेल्वे स्टेशनवर शेरीफच्या माणसांनी त्याला पकडलं. गुन्हा? भटकेगिरी. खिशात नोकरीचा पुरावा नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्या मुलखात काळ्या माणसाला कोणी लेखी कागद देतच नव्हतं, तिथे हा पुरावा तो आणणार कुठून? न्यायाधीशाने तीस दिवसांची सक्तमजुरी दिली. मग खर्च लागला. शेरीफची फी, त्याच्या हाताखालच्याची फी, कारकुनाची फी, साक्षीदारांचा भत्ता. हे सगळं आरोपीने भरायचं. त्याच्याकडे छदाम नव्हता, म्हणून ते मजुरीत धरलं आणि तीस दिवसांचं जवळजवळ वर्ष झालं.

दुसऱ्या दिवशी त्याला बर्मिंगहॅमजवळच्या प्रॅट खाणींवर पाठवलं. खाण होती टेनेसी कोल, आयर्न अँड रेलरोड कंपनीची, आणि ती कंपनी आदल्या वर्षीच यू. एस. स्टील या बलाढ्य उद्योगाने घेतली होती. कंपनी त्याच्यापोटी काउंटीला महिन्याला १२ डॉलर देणार. रात्री लाकडी बराकीत साखळीला बांधलेला, दिवसा जमिनीखाली. रोज आठ टन कोळसा काढायचा, कमी पडला तर चाबूक. खाणीत असे हजारावर काळे कैदी होते. ऑगस्टमध्ये ग्रीन कॉटनहॅम मेला. क्षयाने. स्टेशनवर उभं राहण्यापलीकडे त्याने काय केलं होतं, हे कोणत्याच कागदात सापडत नाही. डग्लस ब्लॅकमन या पत्रकाराने काउंट्यांच्या कचेऱ्यांतली जुनी बाडं उपसून हा माणूस शोधला, २००८ मध्ये पुस्तक लिहिलं आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. तोवर शंभर वर्षं झाली होती.

तीन वर्षांनी, ८ एप्रिल १९११ ला, बर्मिंगहॅमजवळच्याच बॅनर खाणीत स्फोट झाला. १२८ माणसं मेली. बहुतेक सगळे भाड्याचे कैदी. त्यांतले कित्येक जुगार, दारू, भटकेगिरी अशा किरकोळ आरोपांवर काही दिवसांची, काही आठवड्यांची शिक्षा भोगत होते. एवढ्या प्रेतांनंतरही अलाबामाने ही पद्धत बंद केली ती १९२८ मध्ये.

कोणाला माहीत नव्हतं असं नाही. आपल्याकडे १८९३ चं शिकागो म्हटलं की विवेकानंद आठवतात. त्या वर्षी तिथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात आयडा बी. वेल्स आणि फ्रेडरिक डग्लस हे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे दोघं एक पुस्तिका वाटत होते. अमेरिकेच्या प्रगतीच्या या जत्रेत काळ्या माणसाला जागा का नाही, हे जगभरातून आलेल्या पाहुण्यांना सांगणारी. तिच्यात एक अख्खं प्रकरण कैदी भाड्याने देण्यावर होतं. पाहुण्यांनी जत्रा पाहिली आणि घरी गेले.

टेक्सासमध्ये ह्यूस्टनला लागून शुगर लँड हे शहर आहे. भारतीयांची मोठी वस्ती आहे तिथे, त्यात मराठी घरंही आहेत. शाळा चांगल्या, रस्ते स्वच्छ. नावातली साखर खरी आहे. १८७८ मध्ये राज्याचे सगळे कैदी दोन मळेवाल्यांनी भाड्याने घेतले होते आणि इथल्या दलदलीत ऊस त्या कैद्यांनी काढला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथे शाळेच्या नव्या इमारतीचा पाया खणताना हाडं निघाली. एकूण ९५ माणसांची. त्यांतल्या सर्वात लहानाचं वय चौदाच्या आसपास. रेजिनाल्ड मूर नावाचा, एकेकाळी तुरुंगात पहारेकरी असलेला माणूस कित्येक वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होता की इथे थडगी आहेत, खणण्याआधी बघा. कोणी लक्ष दिलं नाही. २०२० मध्ये मूर गेले. खरे ठरूनच गेले, एवढं तरी झालं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हा जुना इतिहास झाला. तर मग लुइझियानात अँगोलाला चला. राज्याचा मोठा तुरुंग, १८,००० एकरांचा, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटापेक्षा मोठा. आधी तो आयझॅक फ्रँकलिन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा मळा होता. मग दक्षिणेच्या फौजेत मेजर असलेल्या सॅम्युएल जेम्स यांनी तिथे भाड्याचे कैदी राबवले. १९०१ पासून राज्याच्या ताब्यात आहे. नाव तेच राहिलं, आफ्रिकेतल्या ज्या मुलखातून माणसं धरून आणली त्या मुलखाचं. आजही तिथे काळ्या माणसांच्या रांगा शेतात खुरपणी करतात, भाजी तोडतात आणि बंदूकधारी पहारेकरी घोड्यावर बसून असतात. शेतकामाचा दर तासाला दोन सेंट, काहींना तेही नाही. आणि ही माणसं आत गेली कशी? १८९८ मध्ये लुइझियानाने राज्यघटनेत तरतूद केली की गंभीर गुन्ह्यातही ज्युरीचं एकमत लागणार नाही, म्हणजे ज्युरीत एखाद-दुसरा काळा असला तरी त्याच्या मताला किंमत उरणार नाही. गोऱ्यांचं वर्चस्व टिकवायला हे करतो आहोत, असं तेव्हा उघड बोललं गेलं होतं. ही तरतूद मतदारांनी २०१८ मध्ये काढली, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि २०२१ मध्ये सांगितलं की जुन्या निकालांना ते लागू नाही. आत असलेले आतच राहिले.

लुइझियानावर सगळं ढकलून मोकळं होता येणार नाही. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन आणि शिकागो विद्यापीठाचा २०२२ चा अहवाल सांगतो की देशाच्या तुरुंगांत सुमारे आठ लाख कैदी काम करतात. टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा अशा काही राज्यांत बहुतेक कामांना एक पैसाही मिळत नाही. नकार दिला तर भेटी बंद, फोन बंद, शिक्षेतली सूट रद्द, कधी एकांतकोठडी.

आणि कॅलिफोर्निया. पुरोगामी, श्रीमंत, जगातल्या मोजक्या मोठ्या अर्थव्यवस्थांच्या बरोबरीचं राज्य. सॅन होजे, फ्रीमाँट, सनीवेल या गावांत गणपती बसतात, मराठी शाळा भरतात, दिवाळी अंक पोचतात. तिथल्या राज्यघटनेतही हाच अपवाद आहे. तुरुंगातल्या कामाचा दर २०२४ मध्ये दुप्पट केला, तेव्हा तो तासाला १६ ते ७४ सेंट झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रस्ताव ६ मतदारांपुढे आला: कैद्यांकडून सक्तीने काम करून घेण्याची मुभा काढून टाकायची का? मतदारांना सरकार जी माहितीपुस्तिका पाठवतं तिच्यात प्रस्तावाच्या विरोधात मुद्दे मांडायला जागा असते. ती जागा रिकामी होती. विरोधाखाली नाव घालायला एकही जण पुढे आला नाही. आणि तरी प्रस्ताव पडला. मतपत्रिका हातात आल्यावर निम्म्याहून जास्त लोकांनी ‘नाही’वर खूण केली. शेजारच्या नेवाडाने त्याच दिवशी असाच प्रस्ताव मंजूर केला.

त्यानंतर दोन महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, लॉस एंजेलिस पेटलं. पॅलिसेड्स आणि ऑल्टाडीनातली हजारो घरं जळाली. आगीच्या तोंडावर हजाराहून अधिक कैदी होते, नारिंगी कपड्यांत, कुऱ्हाडी आणि करवती घेऊन झुडपं तोडत, आगीला वाट मिळू नये म्हणून जमिनीचे पट्टे मोकळे करत. तेव्हा त्यांना मिळत होते दिवसाला ५.८० ते १०.२४ डॉलर, आणीबाणीत तासाला वर एक डॉलर. हे काम स्वेच्छेचं आहे आणि त्याचा त्या माणसांना अभिमान आहे. त्यांच्या मुलाखती ऐकल्या की त्यात शंका उरत नाही. पण ज्या शहराने त्यांच्याकडून घरं वाचवून घेतली, त्याच शहराच्या राज्याने दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं की तुमच्याकडून सक्तीने काम करून घेण्याचा हक्क आम्ही सोडणार नाही. मला हे पचत नाही. तिथल्या कोणा मराठी मतदाराने ‘नाही’वर खूण केली असेल, तर त्याला मी हे तोंडावर सांगेन.

‘गुन्हेगार आहेत, काम नको का करायला?’ हा प्रश्न हमखास येतो. अहो, कामाला कोण नाही म्हणतंय? कैदीच काम मागतात. बंद कोठडीत दिवस ढकलण्यापेक्षा हाताला काम बरं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं? प्रश्न सक्तीचा आहे, फुकट राबवण्याचा आहे, आणि त्यातून सरकारचा खर्च वाचतो याचा आहे. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात हाच विषय विधिमंडळात आला तेव्हा राज्याच्या अर्थखात्याने विरोध केला. कारण काय दिलं? कैद्यांना किमान वेतन द्यावं लागलं तर वर्षाला दीड अब्ज डॉलर लागतील. म्हणजे सुधारणा, शिस्त, पश्चात्ताप हे सगळं बोलायला. हिशेब पैशाचा आहे. अलाबामाचा १८९८ मध्ये होता तसाच.

शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणं. ते कोर्टाने काढून घेतलेलंच आहे. त्यावर आणखी माणसाचे श्रमही जप्त करायचे, तर राज्याला माणसं तुरुंगात घालण्यात फायदा दिसू लागतो, आणि ज्या राज्याला तो फायदा एकदा दिसला ते राज्य गुन्हे शोधत बसत नाही, तयार करतं. मिसिसिपीच्या आकड्यांनी हे सिद्ध करून दीडशे वर्षं होत आली.

आपल्याकडच्यांनी मान ताठ करायचं कारण नाही. आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारीवर बंदी घातली, आणि तरी आपल्या कितीतरी राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत कोणत्या जातीच्या कैद्याने झाडू मारायचा आणि कोणत्या जातीच्याने स्वयंपाक करायचा, हे छापलेलं होतं. मुंबईच्या एका पत्रकार बाईंनी हे शोधलं, त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला न्यायालयाने ते नियम रद्द केले. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. जोतीरावांनी शूद्रातिशूद्रांच्या आणि अमेरिकेतल्या काळ्यांच्या दास्याला एकाच पुस्तकात जागा दिली होती, ती उगाच नव्हे.

तर आता काय? कोलोरॅडोने २०१८ मध्ये आपल्या राज्यघटनेतला अपवाद काढला. नेब्रास्का आणि यूटाने २०२० मध्ये. २०२२ मध्ये अलाबामा, टेनेसी, ओरेगन आणि व्हरमाँटने. होय, अलाबामाने. पण नुसता मजकूर बदलून तुरुंगाधिकारी बदलत नाही. कोलोरॅडोत आणि अलाबामात कैद्यांना कोर्टात जावं लागलं, कारण काम नाकारलं की शिक्षा चालूच होती. आणि देशाच्या राज्यघटनेतला मूळ अपवाद तर आहेच. तो काढायचा ठराव ओरेगनचे सिनेटर जेफ मर्कली आणि त्यांच्या साथीदारांनी डिसेंबर २०२० मध्ये मांडला, पुन्हा मांडला. त्याला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतील आणि पन्नासपैकी ३८ राज्यांची संमती लागेल. मिसिसिपीने तेरावी दुरुस्ती मंजूर केली ती १९९५ मध्ये, आणि त्याची सरकारी नोंद व्हायला २०१३ उजाडलं, यावरून किती वेळ लागेल याचा अंदाज करावा.

तिकडे राहणाऱ्या, मतदानाचा हक्क असलेल्या मराठी माणसाकडे माझं मागणं साधं आहे. आपल्या राज्याच्या घटनेत हा अपवाद आहे का ते पाहा. असला, तर आपल्या आमदाराला आणि काँग्रेसमधल्या प्रतिनिधीला फोन करून विचारा की तो काढायच्या बाजूने तुम्ही आहात का. आणि कॅलिफोर्नियात प्रस्ताव पुन्हा मतपत्रिकेवर आला, तर यावेळी पुस्तिका उघडून तो वाचा आणि ‘हो’वर खूण करा.